आईचं पथ्य

“आई, फ्रीजमधल्या त्या काळ्या कॅनमध्ये काय आहे?”

लेकीची मैत्रिणींशी पैज लागली होती. काल त्या घरी आल्या आणि पाणी घ्यायला फ्रीज उघडला, तेव्हा कॅन सगळ्यांच्याच नजरेत भरला. एक म्हणाली, बाबांची दारू असणार. दुसरी म्हणाली, हिंमत असेल तर विचारून दाखव. हिची हिंमत तर हल्ली उतू जात होती.

बाबांचा घास हातातच राहिला. आई मात्र खुदकन हसली.

“लघवी आहे. माझी. काल दिवसभराची.”

“ईऽऽ! दुधाशेजारी?”

“अगं, लहान आहे ती,” बाबा आईला पुटपुटले.

“विचारण्याएवढी मोठी आहे, मग ऐकण्याएवढीही आहे.”

आईने ताट बाजूला सारलं आणि सांगून टाकलं. गेल्या वर्षी आतड्यातली गाठ काढली, ती पुन्हा डोकं वर काढतेय का, ते या तपासणीतून कळतं. मागच्या महिन्यात आकडा वाढलेला आला. म्हणून पुन्हा तपासणी, आणि मग स्कॅन.

लेक खुर्ची ओढून आईला चिकटून बसली.

“आकडा गाठीनेच वाढतो असं नाही गं,” बाबा घाईने म्हणाले. “आधीचे दोन-तीन दिवस केळी, अक्रोड असलं काही खाल्लं तरी वाढतो. पण आईने पथ्य कडक पाळलं होतं.”

“केळी? मागची तपासणी कधी होती?”

“तू सहलीहून आलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

सहलीहून आल्या आल्या तिने आयुष्यातला पहिला केळ्याचा शेक केला होता. ‘सगळा संपव हं!’ म्हणत आईसमोर उभी राहिली होती. आईने ग्लासकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तळापर्यंत शेक पिऊन टाकला.

बाबा आईकडे बघतच राहिले. “आणि मला बोलली नाहीस?”

“नको म्हटलं असतं, तर का नको तेही हिला सांगावं लागलं असतं.” आई टेबलावर सांडलेलं पाणी बोटाने पुसत राहिली. “पण एका केळ्याने काही एवढा वाढत नसेल.”

ती ताडकन उठली. डोळे काठोकाठ भरले होते, आवाज मात्र नेहमीसारखाच वरच्या पट्टीत.

“ठरलं! उद्या डॉक्टरांकडे मी येणार. मीच सांगणार त्यांना. एक नाही काही, चांगली तीन केळी घातली होती मी!”