ऑल्विनची शेगडी

हिवाळाभर बोटीत राहायचं तर उबेच्या शेगडीला कोळसा किती लागेल, याचं गणित माझा नवरा नेव्हिल तीन दिवस मांडत होता. बोटीची लांबी, खिडक्या, छपराचं अस्तर, काहीही धरलं तरी उत्तर एकच यायचं: आठवड्याला दोन पोती.

कालव्यात शेजारीच बोट बांधून राहणारे म्हातारे ऑल्विन मात्र ऐटीत सांगायचे, "मला एक पोतं महिनाभर पुरतं! माझ्या बोटीतली ऊब बाहेर जातच नाही. बघा ना, छपरावरचं हिमसुद्धा वितळत नाही."

ते खरंच होतं. सकाळी सगळ्यांची छपरं ओली असायची, त्यांचं तेवढं पांढरंशुभ्र.

"कोळशाची बोट येते तेव्हा हे एकही पोतं घेत नाहीत," मी नेव्हिलला म्हटलं. "आणि आपली पोती छपरावर उघडी पडलेली असतात. काय ते समज."

"अगं, म्हातारा माणूस तो!"

"म्हाताऱ्यांना हात नसतात का?"

रविवारी सकाळी केकचं निमित्त करून मी त्यांच्याकडे गेले. ते ओव्हरकोट, कानटोपी घालून बसले होते. "आत्ताच बाहेरून आलो," घाईघाईने म्हणाले.

"तुमची जादूची शेगडी बघू तरी," म्हणत, ते उठायच्या आत मी त्या पेटीसारख्या शेगडीचं लोखंडी दार उघडलंच.



आत जुन्या स्वेटरवर त्यांचं मांजर गाढ झोपलं होतं.