वाटीवरचा हात

परिमलला उचकी लागली आणि मंछाबांचा चेहरा खुलला.

"बघ, शर्मिष्ठा आठवण काढतेय. नवसारीत बसून भावासाठी जीव तुटतोय पोरीचा," म्हणत त्यांनी मूगडाळीच्या पातळ लगद्याचा आणखी एक चमचा लेकाच्या तोंडापुढे धरला. परिमलनं वाटीवर हात आडवा ठेवला. बांनी तो माशी हाकलावी तसा बाजूला सारला.

"तुला माझी शपथ, अजून एक घास घेतला नाहीस तर!"

त्यानं घेतला. आणि लगेच तोंडावर हात दाबून मोरीकडे धावला.

मंछाबांच्या पंगतीतून आजवर कुणी नुसतं पोटभर जेवून उठलं नव्हतं. पाहुण्यानं ताटावर हात धरायचा, बांनी तो दूर करायचा, शपथ घालायची आणि वाढायचं. जावई, व्याही, दारात आलेला टपालवाला, कुणाची सुटका नाही. सुरतेत अर्ध्या कतारगामात त्यांचा हा लौकिक होता. याच आग्रहावर परिमल असा वाढला की स्कूटरवर मागे बायकोला, फाल्गुनीला, बसायला जागा उरेना. मग साखर वाढली, जिना चढताना धाप लागू लागली. शेवटी डॉक्टरांनी त्याचं जठर कापून केळ्याएवढं केलं आणि काही आठवडे वाटलेलं, गाळलेलंच खायला सांगितलं. "सुरतेत कापड कापतात हे ठाऊक होतं, आता माणसंही बेतायला लागले," असं बा येईल त्याला ऐकवत.

फाल्गुनी ओला टॉवेल घेऊन मोरीतून बाहेर आली. एरवी सासूपुढे तिचा आवाज चढत नसे.

"बा, दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंना विचारलं मी. उचकी म्हणजे यांचं पोट भरल्याची खूण. तिथंच थांबायचं. अशा उलट्या होत राहिल्या तर आतली शिवण उसवेल. मग दाखल करून नळीनं भरवतील. घाला तेव्हा त्या नळीला शपथा!"

"आमच्या सात पिढ्यांत उचकी म्हणजे आठवण. तुझ्या त्या बाईला तिच्या आईनं काही शिकवलं नाही वाटतं," बा म्हणाल्या. पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि त्यांना आग्रह करायला कुणी नव्हतं.

सकाळपासून त्या रुसून झोपाळ्यावर बसल्या. फाल्गुनीनं दुधी उकडला, वाटला, मीठ घातलं आणि नवऱ्यापुढे ठेवला. परिमलनं एक चमचा चाखून वाटी सरकवली. "यापेक्षा भिंतीचा चुना बरा लागेल." दुपारी तेच, संध्याकाळी तेच. जास्त खाल्लं तर शिवण उसवायची, काहीच नाही खाल्लं तर माणूस उठायचा नाही. फाल्गुनी झोपाळ्यापाशी येऊन उभी राहिली.

"बा, चव तुमच्याच हाताला आहे. तुम्ही करा. फक्त शपथ नको."

"एवढं कळायला लग्नानंतर इतकी वर्षं लागली?" म्हणत बांनी पदर खोचला.

मग स्वयंपाकघराला जाग आली. तुरीच्या डाळीत कोकम आणि आल्याचा रस. दुधीला जिऱ्याची फोडणी, तेल नखाएवढं. पनीर टोमॅटोत वाटून, वर हिरव्या लसणीचं पाणी. सगळं जुन्या मलमलीतून गाळलेलं, लोण्यासारखं मऊ. परिमल खायला लागला. बा शेजारी बसत, पण शपथेला ओठ मिटून ठेवत, आणि वाटीकडे न बघता त्याच्या गळ्याकडे बघत.

संक्रांतीचं उत्तरायण आलं. गच्चीवर पतंग, मांजा, आरडाओरड, जिलेबीचे पुडे आणि मोठ्या पातेल्यात शेंगा-कंदांचं उंधियू. सुरतेत या दिवशी उंधियू न खाणारा एकतर आजारी असतो, नाहीतर रुसलेला जावई. बा पहाटेच उठल्या होत्या. पापडीच्या शेंगा सोलून नुसते दाणे घेतले, जांभळा कंद वेगळा उकडला, मेथी-बेसनाची मुठियं तळायच्या ऐवजी वाफवली, आणि सगळं वाटून, गाळून एका इवल्या वाटीत भरलं.

परिमलनं चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "बा! हे तर उंधियूच आहे!"

"मग तुला काय चुना वाटला?"

सगळे हसले. नवसारीहून आलेली शर्मिष्ठा तर पतंग सोडून भावासमोर येऊन बसली. ती सगळ्या बाबतीत आईवर गेली होती. परिमल हळूहळू खात राहिला. वाटी अजून अर्धी होती, तेवढ्यात त्याला उचकी लागली.

"अगं बाई, कोण आठवण काढतंय भाईची?" शर्मिष्ठा हसली. "मी तर इथंच आहे! चल, बहिणीच्या हातचा एक घे."

परिमलनं वाटीवर हात ठेवला. शर्मिष्ठानं तो आईसारखाच दूर सारला आणि चमचा भरून घेतला. जिन्याशी फाल्गुनी ताठ उभी होती, तिची नजर सासूवर. परिमलचा हात वाटीवर परत गेला नाही. चव अशी उतरली होती की त्याचं तोंड आपोआप उघडू लागलं.

तेवढ्यात मंछाबांचा हात पाटकन वाटीवर पडला.

शर्मिष्ठानं तो हलवायचा प्रयत्न केला. हलेना. "बा, तू? अगं, सणासुदीला एका घासानं काय होतंय?"

बांनी लेकीच्या हातातला चमचा काढून घेतला, आणि लेकाकडे डोळे वटारून बघितलं.

"परिमल, तुला माझी शपथ, अजून एक घास घेतलास तर!"