तिसरा रिसीव्हर

दुकानात म्युझिक सिस्टिमचे रिसीव्हर दाखवताना मी नेहमी व्हायोलिनवादनाचा एकच तुकडा लावतो. दुकानाच्या वायफायवरून तोच तुकडा एकेका रिसीव्हरवर वाजवला, की गिऱ्हाइकाला फरक कळतो. आठ वर्षांत तो मला पाठ झालाय. त्यात माणसाचा आवाज नाही.

त्या दुपारी एक जोडपं आलं. बायकोच्या मनगटावर बोटांचे निळे वळ होते. "तू मध्ये बोलू नकोस, तुला यातलं काय कळतंय," नवऱ्याने आल्या आल्याच तिला बजावलं.

पहिल्या रिसीव्हरवर व्हायोलिनच्या मागे काहीतरी धपधपत होतं. "स्वस्तातला आहे," मी सारवासारव केली.

दुसऱ्यावर ती धपधप स्पष्ट झाली. कुणीतरी कुणालातरी जड वस्तूने मारत होतं, आणि मार खाणारं माणूस कण्हत होतं. बायको दर घावाला अंग चोरत होती. नवरा हसला. "काय हो, रेकॉर्डिंग बिघडलंय तुमचं. याहून चांगला दाखवा."

मी सगळ्यात महागडा लावला.

त्यावर हाड मोडल्याचासुद्धा आवाज आला. मग मार खाणारा बोलला, अगदी आमच्यात उभा असल्यासारखा. "नको गं. पाया पडतो तुझ्या, आता मारू नकोस."

आवाज नवऱ्याचा होता. माझ्यासमोरच्या नवऱ्याचे ओठ मात्र घट्ट मिटलेले होते.

बायकोने या वेळी अंग चोरलं नाही. शेवटच्या घावापर्यंत तिने नीट ऐकून घेतलं.

"हाच द्या," ती मला म्हणाली. "आजच बसवून मिळेल ना?"