राळ धरलेलं लाकूड

"ही बारा झाडं." ओलावने कुऱ्हाडीचा दांडा उंच पाइनांकडे फिरवला. "दर दोन वर्षांनी सालीचा एकेक पट्टा सोलला. सगळी साल एकदम काढली तर झाड मरतं. थोडी थोडी काढली की जखम भरायला ते राळ आणत राहतं. चौदा वर्षं झाली. आता आतपर्यंत राळच आहे. याच्या फळ्या घराला बाहेरून ठोक. रंग द्यावा लागणार नाही. तुझी नातवंडं म्हातारी होतील, पण फळी कुजणार नाही."

गुनवोरने सोललेल्या खोडावर हात ठेवला. खोड चिकट होतं. तिचं घर फ्योर्डच्या, डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या, काठावर उभं राहत होतं आणि पाऊस तिथे वाऱ्याने आडवा झोडपतो.

"गिरणीत स्प्रूसच्या लाकडाच्या फळ्या तयार मिळतात, बाबा."

"स्प्रूस! त्यापेक्षा पुठ्ठा लाव."

तिचा भाऊ तार्ये पहिल्या झाडाला यांत्रिक करवतीने खाच घेत होता. खाच दोन बोटं तिरपी गेली. ओलावने पुढे होऊन कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या कानशिलावर हाणला. तार्ये गुडघ्यांवर आला. कानातून रक्त कॉलरमध्ये उतरलं. त्याने ते बाहीने पुसलं, उठला आणि करवत पुन्हा चालू केली.

"बाबा!"

"तू फळ्या निवडायला आलीयेस ना? फळ्या निवड."

झाड पडलं, पण खाचेप्रमाणे तिरपं. एका जुन्या खुंटावर आपटून त्याचा बुंधा उसळला, बाजूला फिरला आणि ओलावच्या नडगीवर बसला. हाड मोडल्याचा आवाज करवतीच्या घरघरीतही दोघा भावंडांनी ऐकला.

तार्येने करवत बंद केली.

"पहार आण!" ओलाव ओरडला. "बघतोस काय, गाढवा!"

तार्ये जवळ आला. त्याने एक बूट बुंध्यावर ठेवला आणि त्यावर भार दिला. ओलावची किंकाळी ऐकून वरच्या फांद्यांतले कावळे उडाले. तार्येने भार काढला. थांबला. पुन्हा दिला.

"एकदम नाही, बाबा," तो म्हणाला. "थोडं थोडं."

गुनवोर पहार घेऊन धावत आली. "सरक, तार्ये."

"ताई, तू फळ्या निवडायला आलीयेस. फळ्या निवड."

बाप आता ओरडत नव्हता. दातांत शेवाळ धरून तो नुसता कण्हत होता. गुनवोरने पहार बुंध्याखाली सारली आणि जोर लावला. बुंधा हलला नाही. तिच्या एकटीच्याने तो हलणारच नव्हता.

तिने मान वर केली. भावाचा बूट तिच्या तोंडासमोर होता.

"निवडल्या," ती म्हणाली. "स्प्रूसच्या."

"कुजतील त्या."

"रंगवत राहिलं तर नाही कुजत. मला एकटीला जमायचं नाही. माझ्याकडे राहायला ये."

तार्येने बूट हलवला नाही. कानातलं रक्त हनुवटीवरून लाकडावर ठिबकत होतं.

"दर किती वर्षांनी रंगवायचं?"

"आठ."

त्याने पाय खाली घेतला. पहारीवर तिच्या हातांच्या वर स्वतःचे हात ठेवले. ते राळेने इतके माखले होते की जिथे टेकले तिथेच चिकटले.