सहावी खुर्ची

जेवायला पाहुणे येणार होते आणि टेबलाशी पुन्हा पाचच खुर्च्या! सहावी कुठे असणार, हे मला पाठ झालं होतं. आमच्या गाझियाबादच्या सोसायटीने ‘बसला की झोपतो’ म्हणून गेटवरच्या गार्डची खुर्ची काढून घेतली, तेव्हापासून बाबा रोज दुपारी आमच्या डायनिंगची एक खुर्ची लिफ्टने खाली नेऊन त्याला देतात. सेक्रेटरीचा फोन मात्र मला येतो, “मॅडम, अंकल को समझाइए.” अंकलना समजावता आलं असतं तर आणखी काय हवं होतं! मी चिडले की बाबा एवढंच म्हणतात, “लुंबिनी, माझ्या बापाला जन्मात कुणी ‘बस’ म्हटलं नाही गं.” पण आज मी ऐकणार नव्हते. तरातरा खाली गेले. भर मे महिन्यातलं ऊन, आणि गार्ड आपला उभाच! खुर्चीत एक गरोदर बाई बसली होती, कुणाकडे तरी नव्याने कामाला आलेली, गेटपासची वाट बघत. “भैया, कुर्सी तो आपके लिए भेजी थी ना?” माझा आवाज चढलाच. “जी मॅडम,” तो ओशाळून म्हणाला, “पर ये खड़ी थीं.” मी पाय आपटत वर आले. बाबा दारातच. “आणलीस खुर्ची?” “नाही!” मी खेकसले आणि टेबलाजवळची आणखी एक उचलली. “एकीने भागत नाही तिथे. लिफ्ट धरून ठेवा.”