पितळेचे जोड

आठवड्यातून तीनदा बायकोला, वासंतीला, डायलिसिसला नेणारी भालचंद्ररावांची सोळा वर्षं जुनी एसयूव्ही आज घाटाखालीच एका गॅरेजजवळ वाफा टाकत थांबली. इंजिन निवल्यावर मेस्त्रीने इंजिनचं पाणी हीटरकडे नेणाऱ्या पाइपाचा प्लास्टिकचा जोड धरला, तर त्याचा हातातच भुगा झाला.

"दुसराही असाच झालाय, काका. दोन्ही बदलू. प्लास्टिकचे दोन वर्षं जातील. पितळेचे टाकले तर दहा वर्षं बघायला नको."

भालचंद्रराव गॅरेजच्या पायरीवर बसले. कालच वासंती म्हणाली होती, "बास झालं आता. मला नका नेऊ." त्यावर दोघंही जेवले नव्हते. तरी आज त्यांनी तिला गाडीत बसवलं होतं.

गाडीची काच खाली झाली.

"पितळेचेच टाका," वासंती मेस्त्रीला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि दवाखान्यात फोन करा. म्हणावं, उशीर होईल, पण येतोय."