फ्रिजपुरता इन्व्हर्टर

“लहानच द्या,” वेंडेल म्हणाला. “आयोवाला घरी पोचेपर्यंत फ्रिज थंड राहिला की झालं.”

हार्लनने दोन्ही इन्व्हर्टर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात त्याचं तंबूतलं दुकान होतं, आणि हिवाळाभर गाडीतच संसार थाटणारी म्हातारी मंडळी त्याच्याकडे येत. लहान इन्व्हर्टर गाडी धावताना फ्रिज चालवायचा, तेवढंच. मोठा घेतला, जोडीला बॅटऱ्या वाढवल्या, टपावर सोलर पॅनेल बसवले, की विजेचा प्लग न शोधता माणसाने वाळवंटात हवं तितकं राहावं.

वेंडेलला मनातून मोठाच हवा होता. इथली थंड पहाट, संध्याकाळची शेकोटी, भोवती जमणारी टवाळ मंडळी, या सगळ्याचा त्याला लळा लागला होता. पण त्याची बायको लोरीन कंटाळली होती. बॅटऱ्या दर दोन-तीन दिवसांनी उतरायच्या. मग फ्रिजमधलं वाया जाऊ नये म्हणून सगळं आवरून प्लगवाल्या तळावर जावं लागायचं. त्या दिवशी ती खुर्च्या अशा आपटत मिटायची की विचारायची सोय नसे. रस्ताभर तोंड फुगलेलं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तर त्याला कळत होतं. आता जुना इन्व्हर्टर जळालाच होता, तर त्याने ठरवून टाकलं: कायमचं घरी परतायचं, आणि खापर स्वतःच्या गुडघ्यांवर फोडायचं. तिला अपराधी वाटायला नको. ठरवलं खरं, पण कालपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

“नक्की ना?” हार्लनने विचारलं. “घरात असतो तसा मोठा फ्रिज आहे तुमच्या गाडीत. गाडी उभी राहिली की हा लहाना कामाचा नाही.”

“उभी कशाला राहतेय! गुडघे बोलायला लागलेत माझे. आता सरळ घर.”

“कुणाचे गुडघे?” कॉफीचे पेले घेऊन लोरीन मागे येऊन उभी होती. “काल दुपारभर नाल फेकायच्या खेळात उड्या मारत होते, ते?”

हार्लन खो-खो हसला. वेंडेलचे कान लाल झाले.

“लोरीन, पुरे आता. मला काय दिसत नाही? वैतागलीयस तू इथे. निघायच्या दिवशी खुर्च्या आपटतेस, दिवसभर बोलत नाहीस, ते काय उगाच?”

लोरीनने पेले खाली ठेवले आणि मोठा इन्व्हर्टर दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढला.

“अरे वेड्या,” ती म्हणाली, “निघावं लागायचं, म्हणून आपटायचे.”